हार्ड डिस्कची घरघर : रबर, इलॅस्टिक आणि चार स्क्रू

(आमच्या पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे; बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज सुरुवातीलाच तुम्हाला एक आवाज ऐकवते. हेडफोन असतील तर लावा, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तो जवळजवळ ऐकूच येत नाही.

(इथे रिकाम्या खोलीचं दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण आहे. खर्जातली एक सलग घूंऽऽ.)

आला? हा आवाज आमच्या पहिल्या अकरा भागांत आहे. मला बोलताना तो कधीच जाणवला नव्हता. एका श्रोत्याने लिहिलं, "ताई, विषय छान असतात, पण मागे कुणी भुंगा कोंडून ठेवलाय का?" तेव्हा कुठे मी कान देऊन ऐकलं आणि मग झोपच उडाली.

पहिला संशय विजेवर. घरातल्या तारांची घरघर माइकमध्ये शिरते हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिची घरघर ५० किंवा १०० हर्ट्झवर सापडते. मी ध्वनिमुद्रणाचा आलेख काढून बघितला तर रेघ होती १२० वर. अमेरिकेत असते तर फसले असते, तिथली वीज ६० हर्ट्झची आणि तिची दुप्पट बरोबर १२०. पुण्यात मात्र १२० ला विजेशी काही देणंघेणं नाही. पंख्याची रेघ अशी एका जागी ठाम राहत नाही, ती खालीवर सरकते. ही रेघ मात्र अकराही भागांत एकाच जागी, फळ्यावर पट्टीने आखल्यासारखी.

मग डोक्यात प्रकाश पडला. टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क. तिच्या चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. भागिले ६०, म्हणजे सेकंदाला १२०. चकत्यांच्या तोलात कितीही बारीक फरक असला तरी प्रत्येक फेऱ्याला तो एक धक्का देतोच. ते धक्के चार स्क्रूंमधून पत्र्याच्या डब्यात, डब्यातून टेबलात आणि टेबलावरून माइकच्या स्टँडमध्ये. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर कितीसं ऐकू येणार? भोपळा लागतो. माझ्या कॉम्प्युटरचा डबा हा माझ्या हार्ड डिस्कचा भोपळा झाला होता.

तर आजचा विषय हा. हार्ड डिस्क बसवायची कशी? ऐकायला क्षुल्लक वाटतं, चार स्क्रूंचा प्रश्न. पण गेली जवळजवळ सत्तर वर्षं इंजिनिअर या चार स्क्रूंशी भांडतायत, आणि त्या भांडणात मीही नाक खुपसलं. त्याची किंमत मोजली, ती पुढे सांगते.

गोष्ट सुरू होते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावात. आयबीएमने १९५२ मध्ये तिथे एक छोटी प्रयोगशाळा उघडली आणि रेनॉल्ड जॉन्सन यांना प्रमुख नेमलं. हे गृहस्थ आधी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं, त्यातून आयबीएममध्ये आले. मास्तरांबद्दल माझ्या मनात जरा जास्तच जिव्हाळा आहे, म्हणून सांगितलं. त्यांच्या चमूने १९५६ मध्ये जगासमोर आणलेलं यंत्र म्हणजे रामॅक. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक. लग्नघरातली मोठी परात डोळ्यासमोर आणा, आणि तशा पन्नास पराती एका उभ्या दांड्यावर मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी फिरतायत. वजन टनाच्या वर. त्यात मावणारी माहिती ५० लाख अक्षरं. आज फोनवर काढलेला एक फोटोही त्याहून जड निघतो.

आता या अजस्र यंत्राला थरथर सतावत नव्हती का? होती, पण खपून जायची. माहिती चकतीवर गोल गोल रस्त्यांवर लिहिलेली असते, त्यांना ट्रॅक म्हणतात. रामॅकमध्ये एका इंचात २० ट्रॅक होते, म्हणजे एका ट्रॅकपासून दुसरा ट्रॅक सव्वा मिलिमीटरवर. वाचणारं डोकं, म्हणजे हेड, चकतीला टेकू नये म्हणून त्याच्यावाटे दाबाची हवा सोडायचे, आणि ते चकतीपासून सुमारे २० मायक्रॉनवर राहायचं. सव्वा मिलिमीटर रुंद रस्ता! बैलगाडी जरा इकडेतिकडे झाली तरी चाक रस्त्यावरच.

हे दोन आकडे, ट्रॅकचं अंतर आणि हेडची उंची, लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे हे दोन आकडे आकसत जाणं. आजच्या मोठ्या ड्राइव्हमध्ये एका इंचात काही लाख ट्रॅक असतात आणि हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. रस्ता हजारो पटींनी अरुंद झाला आणि गाडी मात्र धावतेच आहे, उलट जास्त जोरात.

१९६२ मध्ये आयबीएमने १३११ नावाचा ड्राइव्ह काढला. यात चकत्यांचा गठ्ठा काढता-घालता यायचा, आणि यंत्र साधारण वॉशिंग मशीनच्या आकाराचं. पुढची दहा-पंधरा वर्षं हाच आकार रूढ झाला, कॉम्प्युटरच्या खोलीत अशी वॉशिंग मशीनं रांगेने उभी असायची. आणि वॉशिंग मशीनची जी खोड तुमच्या-आमच्या घरात दिसते, कपडे एका बाजूला गोळा झाले की ते धडधडत बाथरूमच्या दाराकडे निघतं, तीच खोड यांनाही होती. हॅकर मंडळींच्या जुन्या शब्दकोशात, जार्गन फाइलमध्ये, ‘चालणारे ड्राइव्ह’ अशी चक्क नोंदच आहे. बेअरिंग झिजलेलं असलं किंवा आतला दांडा किंचित तिरका झाला की यंत्र एकेक कोपरा पुढे टाकत, दोन-दोन मिलिमीटरने, जमिनीवर चालायला लागायचं. तिथेच एक दंतकथा आहे. एक ड्राइव्ह रात्रीत चालत चालत खोलीच्या एकुलत्या एक दारापाशी गेला आणि दार आतून अडवून बसला. शेवटी भिंतीला भोक पाडावं लागलं. ही दंतकथाच आहे, मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण त्याच नोंदीत पुढचं जे आहे ते मला पटतं. काही टवाळ प्रोग्रामरांच्या लक्षात आलं की आतला हात एका बाजूला झटकन आणि परत येताना सावकाश न्यायचा, असा क्रम लावला की ड्राइव्ह आपणहून एका दिशेने सरकतो. मग त्यांनी ड्राइव्हच्या शर्यती लावल्या!

हसण्यावारी नेऊ नका, कारण आजच्या विषयाचं मर्म या शर्यतीत आहे. हार्ड डिस्कमध्ये थरथर दोन प्रकारची असते. एक चकतीच्या फिरण्याची, ती अखंड, एका सुरातली, माझी १२० हर्ट्झवाली. दुसरी हेडच्या हाताची. हात एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर झेप घेतो तेव्हा सगळं यंत्र उलट्या दिशेला ढकललं जातं. झोपाळ्यावर बसून जोरात चेंडू फेकला की झोपाळा मागे जातो ना, तसंच. पहिली थरथर माणसाच्या कानाला छळते. दुसरी छळते हेडला. आणि या दोन दुखण्यांवरची औषधं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. हे मला फार उशिरा कळलं.

मधला काळ भराभर सांगते. तोवरच्या ड्राइव्हमध्ये हात ठरावीक जागी जाऊन यांत्रिक खाचेत अडकून थांबायचा. १९७० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या ३३३० मध्ये हे बदललं. चकतीच्या एका पृष्ठभागावर नुसत्या खुणा लिहून ठेवल्या, हेड त्या खुणा सतत वाचायचं आणि ‘मी रस्त्याच्या मधोमध आहे का’ हे तपासून स्वतःला सावरायचं. म्हणजे तिथून पुढे हादऱ्याशी सामना कोण करतं? नुसतं लोखंड नाही, विद्युत मंडलही. १९७३ मध्ये विंचेस्टर आला, त्याच्या हलक्या हेडचा आणि चकत्यांचा संसार एका बंद डब्यात. आणि १९८० मध्ये सीगेटचा एसटी-५०६, सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटचा. हा टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये फ्लॉपीच्या जागेत बसायचा. इथे खरी गोची झाली. वॉशिंग मशीन जमिनीवर उभं होतं, त्याच्या खाली इमारत होती. या नव्या बाळाच्या खाली काय? अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पत्रा.

त्या काळातल्या बऱ्याच सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये आतला जड ओतीव भाग आणि बाहेरची पट्टी यांच्यामध्ये रबरी बुश असत. पण ते आवाजासाठी नव्हेत. पेटी नेताना-आणताना धक्का बसला तर हेड चकतीवर आपटू नये म्हणून. १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीने साडेतीन इंची ड्राइव्ह आणला आणि पुढे तोच साचा सगळ्यांनी घेतला. आता स्क्रू थेट ओतीव अंगातच. आजही साडेतीन इंची ड्राइव्हला जाड आट्याचे स्क्रू लागतात आणि लॅपटॉपच्या अडीच इंचीला बारीक आट्याचे. चुकीचा स्क्रू पिळून आटे घालवलेले किती ड्राइव्ह मी बघितलेत! एक तर माझाच.

मग वेग वाढला. १९९२ मध्ये सीगेटचा बॅराकुडा ७,२०० फेऱ्यांचा, १९९६ मध्ये चीता १०,००० चा, २००० मध्ये त्याचाच भाऊ १५,००० चा. तोल बिघडल्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ५,४०० वरून ७,२०० वर गेलात तर वेग वाढला एक-तृतीयांशाने, धक्का मात्र पावणेदोन पटींच्या वर. शिवाय तेव्हाची बेअरिंग छऱ्यांची, त्यांची वेगळी शीळ. २००१ च्या सुमाराला सीगेटच्या बॅराकुडा एटीए ४ सारख्या घरगुती ड्राइव्हमध्ये छऱ्यांऐवजी तेलाच्या पातळ थरावर फिरणारी बेअरिंग आली, आणि शीळ गेली. पण गंमत बघा, शीळ गेल्यावर खालची घूं स्पष्ट ऐकू यायला लागली. घरातला टीव्ही बंद केला की नळ ठिबकतोय हे कळतं, तसं.

आणि इथे येतात माझे आवडते लोक. माइक चिन नावाच्या गृहस्थांनी २००२ मध्ये कॅनडातून ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’ हे संकेतस्थळ सुरू केलं. कॉम्प्युटर गप्प कसा करायचा, एवढा एकच ध्यास. तिथल्या मंडळींनी हार्ड डिस्क स्क्रूने बसवायचीच नाही असं ठरवलं. शिवणकामाचं इलॅस्टिक घ्यायचं, मोकळ्या कप्प्यात दोन्ही बाजूंना ताणून बांधायचं आणि ड्राइव्ह त्यात झोळीसारखा टांगायचा. ऐकून हसू येतं, पण शास्त्र पक्कं आहे. टांगलेल्या ड्राइव्हचा स्वतःचा झोका असतो सेकंदाला जेमतेम पाच-दहा वेळा. त्याला १२० वेळा धक्के देऊन काय होणार? पाळण्याला भराभर शंभरदा टिचक्या मारून झोका देता येत नाही; पाळणा जागेवरच थरथरतो आणि दोरीतून वर आढ्याला काहीच पोचत नाही. उलट कडक रबराच्या चकत्या लावून स्क्रू गच्च आवळला, तर ते रबर दगडासारखं होतं आणि त्याचा काही उपयोग राहत नाही. कधीकधी तर असं दबलेलं रबर नेमकं त्याच सुराच्या आसपास डोलायला लागतं आणि आवाज कमी व्हायचा सोडून वाढतो.

कंपन्यांनीही हे उचललं. २००३ च्या अँटेक सोनाटा पेटीत ड्राइव्हच्या खणाला रबरी बुश होते. २००५ ची पी१८० तर माइक चिन यांच्याच सल्ल्याने घडली. अँटेकच्याच सोलो नावाच्या पेटीत इलॅस्टिकचे पट्टे कारखान्यातूनच बसवून यायचे! आणि आयपॉड आठवतो? २००१ चा पहिला. त्यात तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क होती, लोक खिशात घालून पळायला जायचे. तिला रबराच्या उशा तर होत्याच, पण खरी युक्ती दुसरी होती. गाणी आधीच आतल्या मेमरीत भरून ठेवायची आणि चकती बहुतेक वेळ थांबवायची. थांबलेल्या चकतीला हादऱ्याचं काय भय? ॲपल सांगायचं, वीस मिनिटं गाणं अडखळणार नाही.

हे सगळं वाचून मी काय केलं असेल? दुसऱ्याच दिवशी तुळशीबागेत गेले, अर्धा इंच रुंदीचं इलॅस्टिक आणलं, परकराला घालतात ते. दुकानदाराने विचारलं, "किती परकर शिवायचेत?" मी म्हटलं, "एक हार्ड डिस्क." तो माझ्याकडे बघतच राहिला. संध्याकाळी ड्राइव्ह टांगला, कॉम्प्युटर चालू केला, आणि काय सांगू, खोली बदलली. आलेखातली १२० ची रेघ जवळजवळ पुसली गेली. बारावा भाग ऐका, तुमच्या लक्षात येईल. मी इतकी खूश झाले की लाकडी चौकट करून त्यात दुसराही ड्राइव्ह टांगला, आमचं सगळं जुनं साहित्य साठवायला.

त्या साहित्यात माझ्या आत्याच्या चार कॅसेट होत्या. आत्या जात्यावर बसून म्हणते आहे आणि माझे वडील टेपरेकॉर्डर धरून बसलेत. दोन कॅसेटना बुरशी लागली होती. त्या मी कशाबशा एकदा वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि फेकून दिल्या. हो, फेकल्या. फित चिकटायला लागली होती, आणि ‘आता डिजिटल झालंय’ या वाक्यावर माझा फार विश्वास होता.

मे महिना होता. रात्री एका टांगलेल्या ड्राइव्हवरून दुसऱ्या टांगलेल्या ड्राइव्हवर प्रत काढायला लावली आणि झोपले. त्याआधी आठवडाभर मला दिसत होतं की दोन्ही ड्राइव्ह एकदम कामाला लागले की कॉपीचा वेग पडतो. मी म्हटलं, जुनं मशीन आहे, चालायचंच. पहाटे जाग आली ती आवाजाने. टक्, टक्, टक्. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. पत्र्याला टेकलेला ड्राइव्ह उष्णता पत्र्याला देतो. टांगलेल्याची उष्णता कुठे जाणार? ती त्याच्याच अंगात साठते, आणि तापलेलं इलॅस्टिक सैल होतं. माझी एक गाठ सुटली होती. फिरता ड्राइव्ह एका कोपऱ्यावर खाली पत्र्यावर आपटला होता.

डेटा काढून देणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी ड्राइव्ह उघडून चकती दाखवली. आरशासारख्या चकतीवर एक बारीक गोल रेघ. म्हणाले, "ताई, हे आता निघायचं नाही. पण मला एक सांगा, झोपाळ्यावर बसून सुईत दोरा ओवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

पहिल्या कॅसेटची प्रत तोवर झाली होती. चौथी कॅसेट कपाटात शाबूत होती, ती पुन्हा उतरवता आली. मधल्या दोन गेल्या.

काकांच्या वाक्याचा अर्थ लावायला मला बरेच महिने लागले. ड्राइव्ह पडला ही माझ्या गाठीची चूक, ते सोडा. पण वेग का पडत होता? प्रत काढताना दोन्ही ड्राइव्हचे हात सारखे झेपा घेत होते. स्क्रूने बसवलेल्या ड्राइव्हचा हात हलला की त्याच्या मागे सगळ्या पेटीचं वजन उभं असतं. टांगलेल्याच्या मागे काहीच नाही, तो स्वतःच उलटा वळतो, हेड आपला ट्रॅक शोधत राहतं. आणि दोन्ही एकाच हलक्या चौकटीत, म्हणजे एकाची झेप दुसऱ्याला झोका. लिहिताना हेड रस्त्याच्या मध्यापासून जरासं जरी सरकलं तरी ड्राइव्ह लिहिणं थांबवतो, कारण शेजारच्या ट्रॅकवर लिहिलं गेलं तर तिथली माहिती पुसेल. मग काय करतो? पुढच्या फेऱ्याची वाट बघतो. ७,२०० च्या ड्राइव्हला एका फेऱ्याला लागतात सव्वाआठ मिलिसेकंद. अशा दहा फेऱ्या वाया गेल्या तर कॉम्प्युटरच्या दृष्टीने युग उलटतं. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण मोठ्या सर्व्हरवाल्यांनी हेच दुखणं आधी भोगलेलं होतं.

त्यांची अडचण माझ्या उलट. त्यांना आवाजाचं सोयरसुतक नाही, सर्व्हरच्या खोलीत पंख्यांचाच गदारोळ. पण एका पेटीत वीस, चाळीस ड्राइव्ह खेटून बसवायचे आणि प्रत्येकाचा हात आपापल्या वेळी झेप घेणार. चाळीच्या लाकडी माळ्यावर प्रत्येक खोलीत कुणीतरी मिरची कुटतंय आणि मधल्या खोलीतला माणूस रांगोळीचे ठिपके काढतोय, असा प्रकार. म्हणून मोठ्या कामाच्या ड्राइव्हमध्ये हादरा ओळखणारे सेन्सर बसवले गेले. हादरा आला की हेडला उलट दिशेने तेवढाच रेटा द्यायचा, म्हणजे चूक होऊन सुधारण्याऐवजी आधीच तोल सांभाळायचा. ड्राइव्ह बनवणारे तो घट्ट बसवायला सांगतात तेही त्यामुळेच. बॅकब्लेझ कंपनीने २००९ मध्ये आपल्या ४५ ड्राइव्हच्या पेटीचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, त्याच्या सामानाच्या यादीत ४५ रबरी पट्टे होते, प्रत्येक ड्राइव्हच्या कमरेला एक. पण ते टांगायला नव्हेत, खणात खुळखुळू नये म्हणून.

२००८ च्या अखेरीचा एक व्हिडिओ आहे, जरूर बघा. सन मायक्रोसिस्टिम्समधला ब्रेंडन ग्रेग नावाचा इंजिनिअर ड्राइव्हच्या रांगेसमोर उभा राहतो आणि जिवाच्या आकांताने ओरडतो. पडद्यावर ड्राइव्हला लागणाऱ्या वेळाचा आलेख असतो, आणि ओरडण्याच्या क्षणी तो टुणकन वर उडतो. माणसाच्या आवाजाने! मी तो व्हिडिओ बघितला तेव्हा माझ्या टेबलाखाली वाकून ड्राइव्हला "सॉरी" म्हटलं.

ते गमतीचं. गंभीर प्रकार सप्टेंबर २०१६ मध्ये रोमानियात झाला, बुखारेस्टला. आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी होती. आग लागलीच नव्हती. नळ्यांमधून निष्क्रिय वायू जोरात सुटला, त्याचा आवाज १३० डेसिबलच्या वर गेला, आणि त्या नुसत्या आवाजाने ड्राइव्ह बिघडले. बँकेची कार्ड, एटीएम, इंटरनेट सेवा जवळपास दहा तास बंद. एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनमधल्या एका डेटा सेंटरमध्ये असाच वायू सुटला आणि नॅसडॅकच्या उत्तर युरोपातल्या शेअर बाजारांचं कामकाज अडलं. त्यानंतर कमी आवाज करणाऱ्या तोट्यांना मागणी आली. आगीपासून वाचवणाऱ्या यंत्रणेपासून ड्राइव्हना वाचवायचं, असा तो मामला.

आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी सांगितलेला किस्सा. जॅनेट जॅक्सनचं ‘ऱ्हिदम नेशन’ हे गाणं लावलं की काही जुने लॅपटॉप बंद पडायचे. गाण्यातला एक सूर त्यातल्या ५,४०० फेऱ्यांच्या ड्राइव्हच्या स्वतःच्या सुराशी जुळायचा. कहर म्हणजे शेजारी ठेवलेला, गाणं न लावलेला लॅपटॉपही मान टाकायचा. मग कंपनीने काय केलं? ड्राइव्ह नाही बदलला. आवाजातून तेवढे सूर गाळणारी चाळणी बसवली.

"आता एसएसडी आहे की, कशाला एवढी उठाठेव?" असं तुमच्यापैकी निम्मे जण मनात म्हणताय, माहितेय मला. एसएसडीत काही फिरत नाही, ती चिकटपट्टीने लावा किंवा खिळ्याला टांगा, तिला फरक पडत नाही. पण स्वस्तात खूप साठवायचं असेल तर आजही चकतीच लागते. तुमचे ढगात ठेवलेले फोटो कुठल्यातरी फिरत्या चकतीवर असण्याची दाट शक्यता आहे. त्यासाठी डब्यात हवेऐवजी हेलियम भरलेले ड्राइव्ह २०१३ पासून मिळतात, कारण फिरणाऱ्या चकतीला आतली हवासुद्धा फडफडवते आणि हेलियम तिच्याहून हलका.

माझी आत्ताची व्यवस्था सांगते, कारण हे प्रश्न हमखास येतात. आमच्या ओट्याचं काम झालं तेव्हा कडप्प्याचा एक तुकडा उरला होता, उचलायला दोन हात लागतात असा. त्यावर जाड ॲल्युमिनियमचे अँगल बोल्टने बसवले आणि दोन्ही ड्राइव्ह त्यांना चार-चार स्क्रूंनी पक्के केले. कडप्प्याखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे. म्हणजे ड्राइव्ह दगडाला घट्ट आणि दगड जमिनीला सैल. हाताने झेप घेतली तर त्याच्यामागे सात-आठ किलोचा दगड आहे. चकतीची घूं दगडातून मॅटमध्ये जाऊन मरते. ॲल्युमिनियम उष्णताही ओढून घेतं. आणि हे सगळं मागच्या खोलीत, मधे बंद दार. तिसरी प्रत नगरला बहिणीकडे असते.

हे बसवताना आई बघत होती. म्हणाली, "अगं, हे जातंच की. तेही असंच रोवायचे, मातीने लिंपून. नाहीतर दळताना घरभर फिरलं असतं."

आत्याची पहिली कॅसेट मी मागच्या महिन्यात साफ करायला घेतली. आवाजाखाली एक सलग घरघर होती. सवयीने माझा हात खालचे सूर कापायच्या बटणाकडे गेला, मग थांबले. ते जातं होतं. आत्या श्वास घ्यायला थांबली की त्याचाही वेग उतरतो, ती पुढची ओळ उचलते तसा परत चढतो. मी ते कापलेलं नाही. शेवटी चाळीस सेकंद तेच ऐकवते, आणि त्यासाठी पुन्हा एकदा हेडफोन लावा.

पुढच्या भागात कॅसेटला बुरशी का लागते आणि ती फेकण्याआधी काय करायचं, त्याबद्दल बोलू. येते मी.

(इथे जात्याचं ध्वनिमुद्रण आहे.)